सप्त्याची वीणा घरी आली

आमच्या गावात टाळेबंदीच्या आधी थाळी पोचली. त्या रविवारी संध्याकाळी सगळ्या देशानं आपापल्या दारात उभं राहून थाळ्या वाजवायच्या, एवढंच टीव्हीवर सांगितलं होतं. बाकीच्या देशाला त्यासाठी पाच मिनिटं पुरली असतील. आमच्याकडं मारुतीच्या देवळापुढं सप्ताह चालू होता आणि भजनी मंडळ टाळ-पखवाज घेऊन तयारच बसलं होतं. आमच्या लोकांना वाजवा म्हणणं सोपं, थांबा म्हणणं अवघड. मंडळ उठलं, मागं थाळ्या-पराती घेऊन बाया निघाल्या, आणि सगळ्या गावाला फेरी घालूनच ही वरात देवळापाशी परत आली. एकमेकांपासून लांब राहा म्हणून जो कार्यक्रम काढला होता, तो गावानं खांद्याला खांदा लावून पार पाडला.

मी ओट्यावर उभी राहून "अहो, लांब लांब चाला!" म्हणून घसा फोडत होते. पखवाज वाजवणारे काका आमचे शेजारी. हात न थांबवता ते मला म्हणाले, "बाई, लांब ऱ्हाऊन ठेका जमतो का कुटं?"

मला संताप आला आणि हसूही आलं. संताप मला लवकर येतो. लातूरच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि एवढी वर्षं पोरांना पेशी आणि विषाणू शिकवून ज्याचा पारा जागेवर राहिलाय असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण खरं सांगायचं तर हा स्वभाव वडिलांकडून आलेला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पंच्याहत्तरी ओलांडलेला, काटक माणूस. गुडघ्यांनी केव्हाच दगा दिलाय, पण ते कबूल करायची त्यांची तयारी नाही.

गाव अहमदपूरच्या पुढं, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला लागून. पाडव्याच्या तोंडावर आमच्याकडं सप्ताह बसतो. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी कीर्तन, दोन वेळेला पंगत, आणि शेवटच्या दिवशी काला. हे सगळं कमीजास्त झालं तरी चालतं. मंडप वाऱ्यानं उडाला, महाराजांची गाडी वाटेत बंद पडली, आमटी खारट झाली, सगळं गाव पोटात घालतं. एकच गोष्ट चालत नाही. सप्ताह बसला की वीणा उचलायची आणि काला होईपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. पहाऱ्यावरचा माणूस ती गळ्यात अडकवून तारेवर बोट फिरवत राहतो. त्याचा पहारा संपला की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, पट्टा या मानेतून त्या मानेत जातो आणि नाद चालू राहतो. वीणा टेकली की सप्ताह मोडला. मोडला तर गावावर काय येतं हे कुणी सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळंच त्याची भीती जास्त. आजोबांच्या पिढीपासून आमच्या गावची वीणा टेकलेली नाही. काकड्यानंतरचा पहारा तेव्हापासून आमच्या घरचा. आधी आजोबा करायचे, मग आबा. आबांना गावात दुसरं कुठलं पद नाही आणि कधी नको होतं.

मायचा सप्ताह देवळाच्या मागं. तिथं पत्र्याच्या आडोशाला मोठ्या चुली मांडतात. आमटीत मीठ किती हे गावात तिच्याशिवाय कुणी ठरवत नाही. सगळा जन्म तिनं कीर्तन ऐकलं ते पत्र्याच्या पलीकडून, पाठमोरं. बाया पहारा करत नाहीत. का नाही म्हणून मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा "पहिल्यापासून न्हाई" असं उत्तर मिळालं. पहिल्यापासून म्हणजे नेमकं कुणापासून, हे आमच्या जीवशास्त्रालाही सांगता येणार नाही.

त्या वर्षी मी गावात होते ती पुण्याहून आले म्हणून. भावाकडं बारसं होतं. कॉलेजं बंद झालीच होती, नवरा लातुरातून फोनवर म्हणाला, "आता पाडवा करूनच ये." म्हणून शनिवारच्या एसटीनं मी थेट माहेरी उतरले. शनिवारी पुण्याहून येणं हा गुन्हा नव्हता. उलट माय मला सगळ्यांना दाखवत होती, "पुण्याहून आली, बारसं करून." लोक बाळाचं वजन विचारत होते.

मग मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर सगळं बंद झाल्याचं सांगितलं. गावाची पहिली धाव दुकानाकडं, पण साखरेसाठी नव्हे. आमच्या गावात साखरेच्या आधी तंबाखू संपली. चुन्याच्या डब्या खिशात घेऊन म्हातारे एकमेकांकडं संशयानं बघायला लागले, कुणाकडं किती पुड्या आहेत म्हणून. सकाळ व्हायच्या आत वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या, आडवी बैलगाडी लागली. फोनवर तर रविवारपासूनच काय काय येत होतं! उन्हात उभं राहिलं की जंतू मरतो, कापूर हुंगला की मरतो, कांदा खाल्ला की मरतो. लोक मला विचारायचे, "बाई, तुमी तर हेच शिकवताव न्हवं?" मी खरं काय ते सांगायची. मग ते कांदा खायचे.

आणि त्याच फोनांवर आलं की पुण्या-मुंबईहून आलेल्यांपासून सांभाळा. गावात पुण्याहून आलेलं माणूस एकच होतं.

पाडव्याच्या सकाळी मी देवाला नैवेद्य घेऊन देवळाकडं गेले. दारोदारी गुढ्या लागल्या होत्या, पण रस्त्यावर कुणी नव्हतं. मंडपात मोजकी मंडळी, तोंडाला दस्त्या बांधून, एकमेकांपासून हातभर लांब. आबांचा पहारा संपत आला होता. पुढचा पहारा त्यांच्या लहानपणच्या जोडीदाराचा. दोघांची शेतं बांधाला बांध लागून आहेत, भांडणंही बांधावरचीच, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. ते काका आले, मंडपाच्या खांबापाशी थांबले. आबांनी एका हातानं पट्टा मानेवरून सैल केला आणि वीणा पुढं केली.

काकांनी हात पुढं केले नाहीत.

"दादा, राग नका मानू," ते म्हणाले. "घरात लहान लेकरू हाय."

"मग?" आबा म्हणाले.

"तुमच्या घरी पुण्याचं मानूस हाय."

आबांनी बोट तारेवर चालूच ठेवलं. ते दुसऱ्याकडं वळले. तो खाली बघायला लागला. तिसऱ्यानं हात जोडले, पण लांबूनच. पखवाजवाले काका तर चक्क रडत होते. एरवी खोबऱ्याच्या वाटीवरून वाद घालणारी माणसं, त्या सकाळी एक शब्द वाईट बोलली नाहीत. त्यामुळंच ते जास्त लागलं. मी नैवेद्याचं ताट घेऊन तिथं उभी होते, आणि माझ्यामुळं माझ्या बापाच्या हातून कुणी वीणा घेईना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्यात चूक कुणाची हे शोधायला गेलं तर कुणाचीच नव्हती. वर्गात शिकवायला उभी असते तर मीही त्यांना हेच सांगितलं असतं, की हात लावू नका.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली. जमादार उतरले. मंडप मोकळा करा, देऊळ बंद करा, ज्यानं त्यानं घरात बसा, असं त्यांनी भोंग्यावरून सांगितलं. पाच माणसंसुद्धा एकत्र दिसता कामा नयेत. लोक भराभर उठले. आबा जागेवरच.

"आजोबा, तुम्हाला वेगळं सांगावं लागतंय का?"

"सायेब, वीणा खाली ठिवता येत न्हाई. काला व्हायचाय अजून."

जमादार बहुतेक माळकरी घरातले असावेत. त्यांनी भोंगा खाली केला. मंडपाच्या कडेला बूट काढल्याशिवाय ते पुढं आले नाहीत, आणि आले तेही वीणेपासून चार हात लांब थांबले. थोडा विचार करून म्हणाले, "ठिवू नका मग. पण इथं थांबता येत न्हाई. वीणा घिऊन घरी चला."

आणि आबा निघाले. गळ्यात वीणा, ओठांवर नाव, गुडघ्यांमुळं थोडं झोकांड्या खात. मागं मी, आणि आमच्या मागं पहिल्या गिअरमध्ये पोलिसांची जीप. भोंगा वाजला नाही. दारांच्या फटींतून, गच्च्यांवरून गाव बघत होतं. बाया दारातूनच हात जोडत होत्या. आमच्या गावातून मंत्र्यासंत्र्याची गाडी गेलेली मी पाहिली आहे, पण इतका मान कुणाला मिळालेला पाहिला नाही. आबांना त्यातलं काही दिसलं नसावं. त्यांचं सगळं लक्ष पायाखाली होतं, कुठं ठेच लागू नये म्हणून.

दारात माय. तिनं तांब्याभर पाणी आबांच्या पायांवर ओतलं, वीणेला कुंकू लावलं आणि दोघांना आत घेतलं. थोड्या वेळानं आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या आणि फाटकावर कागद डकवून गेल्या. आमच्या घरातून कुणी बाहेर जायचं नाही आणि आमच्याकडं कुणी यायचं नाही. म्हणजे मी, आबा, माय आणि वीणा, चौघंही आत.

महाराजांना फोन लावला. ते कीर्तनाला यायचे होते, पण तिकडं इस्लापूरकडं आपल्या घरीच अडकले होते. वीणा देवळातून हलली, आता सप्ताह मोडला का, हे आबांनी विचारलं. महाराज म्हणाले, "जिथं वीणा तिथं सप्ताह. टेकू देऊ नका, बाकी सगळं माफ हाय." हे ऐकून आबांचे खांदे खाली आले. मग त्यांनी आम्हा दोघींकडं बघितलं आणि काय ते आम्हा तिघांनाही कळलं. गावात पहाऱ्याला माणसांची रांग असायची. घरात माणूस एक, आणि दोन बाया.

"मी एकटा करतो," आबा म्हणाले.

माझा पारा चढला. "काल्यापर्यंत? झोप? जेवण? गुडघे?"

"करतो म्हणलं न्हवं?"

त्या दिवशी आमच्या घरात पाडवा असा साजरा झाला, की आबा ओसरीत येरझारा घालतायत, एका हातानं वीणा धरलेली, दुसऱ्याचं बोट तारेवर, आणि माय पोळीचा घास मोडून त्यांना भरवतेय. इतक्या वर्षांच्या संसारात मी हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांनाही सवय नव्हती. माय घास द्यायची आणि दुसरीकडं बघायची, आबा चावायचे आणि दुसरीकडं बघायचे. मला हसू आलं तसे दोघं एकदम माझ्यावर वसकले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आबांच्या येरझारा थांबल्या. भिंतीला टेकून बसले. बोट चालू होतं, पण मधेच अडायचं. पायांवर सूज दिसत होती. मी दोनदा म्हणाले, "आबा, द्या माझ्याकडं." त्यांनी ऐकलं नाही. मग त्यांची मान कलली. पट्टा खांद्यावरून घसरला आणि वीणा तिरपी झाली. माय तिथं जवळच परडी घेऊन मेथी निवडत बसली होती. परडी कुठं गेली, मेथी कुठं गेली, मला दिसलं नाही. वीणेचा भोपळा फरशीपासून चार बोटं वर असताना तो तिच्या दोन्ही तळहातांत होता.

आबा दचकून जागे झाले. मायनं पट्टा त्यांच्या मानेतून काढला आणि स्वतःच्या घातला. पदर डोक्यावरून सरकला होता, तो नीट करायला हात मोकळा नव्हता, तो मी केला.

"आगं, बायांनी..." आबा म्हणाले.

"मग ठिवू का खाली?" माय म्हणाली.

मायनं तारेवर बोट टाकलं. भाजीला फोडणी बसली का बघावं तसं, जरासं, भीत भीत. मग पुन्हा. तार उगाच खणखणली. आबांच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "एवढ्या जोरात न्हाई. एकच बोट. नखानं नको, बोटाच्या पेरानं." आणि मग आडवे झाले ते डोळे उघडे ठेवून, नीट वाजतेय का बघत. थोड्या वेळानं घोरायला लागले.

आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहतात. गावात काय चाललंय हे गावाच्या आधी त्यांना कळतं. त्या गच्चीवर वाळवण काढायला आल्या आणि त्यांना आमच्या ओसरीत मायच्या गळ्यात वीणा दिसली. त्यांनी तिथूनच आरोळी दिली, "आगं बया! बाईमानसाच्या गळ्यात वीणा?" माय नाम घेत होती, तिनं लक्ष दिलं नाही. मी अंगणात आले. मावशी मला म्हणाल्या, "आन तू बी धरणार का काय? विटाळ-चंडाळ बगत जावा."

मी म्हणाले, "मावशी, ते प्रकरण मायचं केव्हाच आटोपलं आन माझं बी. अजून कुणाचं काही इचारायचं आसंल तर गच्चीवरून खाली या, कागद लावलाय फाटकाला, तो वाचून या."

मावशी वाळवण तिथंच सोडून आत गेल्या. अंधार पडायच्या आत ही गोष्ट सगळ्या गावाला कळली. आबांना फोन सुरू झाले. कुणी म्हणालं, कलियुग आलं. कुणी म्हणालं, देवाला चालंल का. आबा झोपेतून उठले होते. मी त्यांचं तोंड बघत होते, कारण गावाच्या बोलण्याला तो माणूस फार जपतो. त्यांनी एकदाच काय ते उत्तर दिलं, आणि पुढं प्रत्येकाला तेच दिलं. "मी हात पुढं केला तवा तुमी घेतली न्हाई. जिनं घेतली तिच्याकडं हाय."

त्यानंतर फोन आले नाहीत. कीर्तनाची वेळ झाली तेव्हा शेजारच्या गच्चीवरून ठेका सुरू झाला. पखवाजवाले काका एकटेच वर येऊन बसले होते. मग पलीकडच्या गच्चीवर टाळ वाजले, मग त्याच्या पलीकडं. ज्याला लांब राहून ठेका जमत नव्हता, त्या गावाला तो जमला. थोडा मागंपुढं व्हायचा, मान्य, पण जमला.

पुढचे दिवस आम्ही तिघांनी वाटून घेतले. माझ्या गळ्यात पहिल्यांदा वीणा आली तेव्हा मला वाटलं होतं, काय एवढं त्यात. थोड्या वेळानं मान अवघडली, खांदा भरून आला, बोटाचं पेर लाल झालं. पण एक सांगते, तो नाद कानानं कमी आणि छातीच्या हाडातून जास्त ऐकू येतो. मी देवभोळी बाई नाही. पण त्या दिवसांत टीव्हीवर रस्त्यानं चालत निघालेली माणसं दाखवायचे, डोक्यावर गठुडी, कडेवर लेकरं, आणि मला बघवायचं नाही. तेव्हा मी उठून मायला म्हणायची, "दे, माझी पाळी." हातात धरायला काहीतरी होतं, हेच खूप होतं. नवरा लातुरातून फोन करायचा, वरणाला किती शिट्ट्या म्हणून. मी वीणा वाजवत सांगायची.

सकाळी फाटकापाशी काहीबाही ठेवलेलं असायचं. दुधाची किटली, कोथिंबिरीची जुडी, कापडात बांधलेल्या भाकरी. ठेवणारा दिसायचा नाही. एकदा आबांचे जोडीदार काका दिसले. गुडघ्याच्या तेलाची बाटली ठेवून ते रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले होते. आबा ओसरीत होते, वीणा त्यांच्याकडंच होती. काकांनी चपला काढल्या आणि तिथूनच, धुळीत, डोकं टेकलं.

"दादा, जेवलाव का?" त्यांनी विचारलं.

"जेवलो. तुमी?"

"हाव."

एवढंच बोलले. पण त्या रात्री आबा भाकरी जास्त जेवले.

आशाताई रोज फाटकाबाहेरून विचारायच्या, "ताप? खोकला? घसा?" आम्ही नाही नाही म्हणायचो. एक दिवस ओसरीकडं बघून म्हणाल्या, "आन वीणेला?" आणि स्वतःच हसत पुढच्या घराकडं गेल्या. आमच्यापैकी कुणालाच काही झालं नाही. पण हे आज सांगते आहे. तेव्हा आबा जरा खोकले तरी वीणा घेताना मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची. ते हात झटकायचे.

माय मात्र बदलत चालली होती. पहिल्यांदा ती पाळी संपायची वाट बघायची. मग वाट बघेनाशी झाली. मी घ्यायला गेले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे, बस तू." चुलीवर आमटी आहे हे ती विसरली आणि आमटी बुडाला लागली. मायच्या हातची आमटी लागली, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. त्या दुपारी आबांनी भाकरी केल्या. पीठ मळलं, थापायला घेतलं, पहिली त्यांच्या हातातच फाटली, मग दुसरी फाटली, तिसरी तव्यावर पोचली. आम्ही ती कौतुकानं खाल्ली. आबा म्हणाले, "करपली का?" माय म्हणाली, "लई छान झाली," आणि बोट तारेवरून काढलं नाही.

तेव्हाच कधीतरी ती मला म्हणाली, "पत्र्याच्या माघं आवाज यायचा बग. मला वाटायचं, जवळून लई मोठा आसंल. मोठा न्हाई गं. बारीक हाय. पर आपल्याजवळ हाय."

मी तिच्या बोटाला तूप लावलं. पेर सोलवटलं होतं.

काल्याच्या दिवशी सकाळपासून गाव गच्च्यांवर होतं. घरात दह्याची हंडी बांधली, लाह्या कालवल्या. महाराजांनी फोनवरून कीर्तन केलं. फोन मी स्टीलच्या पातेल्यात ठेवला होता, आवाज मोठा यावा म्हणून, त्यामुळं महाराज विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येत होते. शेजारच्या गच्चीवर पखवाज, त्याच्या पलीकडं टाळ, मावशींच्या गच्चीवर मावशी, त्याही टाळ्या वाजवत. वीणा मायच्या गळ्यात होती. तशी पाळी आबांची होती, पण त्यांनी मागितली नाही. हंडी मी काठीनं फोडली. आरती झाली. गच्च्यांवरून गजर झाला, आणि महाराज पातेल्यातून म्हणाले, "सप्ताह संपूर्ण. वीणा ठिवा आता."

आबांनी पाट मांडला, त्यावर धुतलेलं उपरणं अंथरलं. त्यांचे डोळे भरले होते. आजोबांपासून चालत आलेलं त्यांच्या हातून मोडलं नव्हतं, आणि ते मोडेल या धास्तीनं ते इतके दिवस नीट झोपले नव्हते. त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"आन हिकडं. ठिवू दे. झाला सप्ता."

मायनं मान हलवली. डोळे मिटलेले होते, बोट चालू होतं.

"तुमचा झाला आसंल," ती म्हणाली. "माझा अजून व्हायचाय."

आबांचे हात थोडा वेळ तसेच पुढं राहिले. मग त्यांनी ते मागं घेतले, भिंतीला टेकून बसले, आणि शेजारी पडलेले टाळ उचलले.